गोल टोपीखालचे लांबट ठिपके

"तुनं माया चिपले काय केलं, ते सांग पहिले."

"काहीही केलेलं नाहीये. हेलियम भरला, चिप लावली, लेझर सोडला, रीडिंग घेतलं. तू रोज करतोस तेच."

"तेच केलं असतं त अथी आलं असतं. हे तथी काहून आलं?" नरेंद्रनं कागदावर आधी एका जागी बोट दाबलं, मग जरा उजवीकडे दुसऱ्या जागी.

"मला काय विचारतोस? त्या डॉटला विचार."

"डॉट बोलत असता त तुले कायले बलावलं असतं वं?"

"आधी ते 'वं' बंद कर. पुण्यात असं कोणी कोणाशी बोलत नाही."

"पुण्यात तसंही कोणी कोणाशी बोलत नाई म्हंते. म्हून त चिप कशी धराव ते कोणं सांगतलं नाई तुले."

विनीतानं हसू दाबलं, पण कागद सोडला नाही.

ही तणतण चालली होती पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांमधल्या एका विद्यापीठाच्या गावात, एका इमारतीच्या तळघरात. साल अठ्ठ्याऐंशी. मार्च लागायला आला होता, तरी बाहेर रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग काळे पडून तसेच बसले होते. नरेंद्र गावंडे वऱ्हाडातला, दर्यापूरकडचा. पीएचडीचं हे त्याचं शेवटचं वर्ष, निदान तो तसं धरून चालला होता. विनीता पुण्याची, त्याच्या मागून आलेली. दोघांचा प्रोफेसर एकच, ब्रेनन.

कागदावरची भानगड समजायला अवघड नव्हती. चिप म्हणजे नखाएवढा चौकोनी तुकडा. त्याच्यावर डोळ्याला न दिसणारे ठिपके, हजारोंनी. क्वांटम डॉट हे नाव तेव्हा नुकतंच रुळायला लागलं होतं. ते ठिपके हेलियमनं गारठवायचे, वरून लेझर मारायचा आणि ठिपके जो उजेड परत फेकतात तो मोजायचा. यंत्राची लेखणी कागदावर रेघ ओढत जाते, उजेड आला की तिथं एक टेकडी काढते. नरेंद्रची टेकडी नेहमी एका जागी यायची. काल तो दुसऱ्या कामात असताना विनीतानं तीच चिप लावली, तर टेकडी उलीशी, जराशीच, पुढं सरकलेली.

"सरक," म्हणून नरेंद्र खुर्चीत बसला. चिप काढली, पुन्हा लावली, सगळी उठाठेव केली. लेखणी चालत गेली आणि टेकडी आपल्या जागी आली.

"पाह्य. कुठी आली?"

"जागेवर."

"मंग?"

"मग आता मी लावते."

तिनं लावली. टेकडी पुन्हा पुढं.

"हात वाईट हाये तुया," नरेंद्र म्हणाला. "चिपले गरम होऊ देतं तू. नाईत हवा घुसत असन."

"हवा घुसली तर टेकडी पसरट होईल. ही तुझ्याइतकीच टोकदार आहे. बघ ना नीट."

त्यानं नीट बघितलं नाही. जिना चढून वर गेला आणि ब्रेननला सांगून आला की विनीताचं रीडिंग सोडून द्या, अजून तिचा हात बसायचा आहे. ब्रेनननं मान हलवली. त्यालाही घाई होती. शुक्रवारी निबंध एका नियतकालिकाकडे रवाना व्हायचा होता. तो गेला की नरेंद्रनं प्रबंध बांधायचा, उन्हाळ्यात तोंडी परीक्षा द्यायची आणि ऑगस्टात कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जाऊन कामावर रुजू व्हायचं. तिथल्या एका कंपनीनं त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. या गावातून बाहेर पडायचा तो एकच रस्ता होता आणि तो त्या टेकडीच्या जागेवरून जात होता.

नरेंद्रला बाहेर पडायचं होतं हे सांगायला नको. हा माणूस कधीच एका जागी बसला नाही. "याच्या बुडाखाली कोणं इंगय ठेवले बाप्पा," असं त्याची माय म्हणायची. शाळेत मास्तरांनी त्याला खिडकीजवळ बसवलं, तर तो खिडकीतून गेला. इथं अमेरिकेत आल्यावर त्याला बसची वाट पाहता यायची नाही. स्टॉपवर उभा राहायचा, मग म्हणायचा पुढच्या स्टॉपपर्यंत पायी जाऊ. आणि बस नेमकी दोन स्टॉपांच्या मधात त्याच्या अंगावर पाणी उडवून निघून जायची. ड्रायव्हर आता त्याला ओळखत होते. हात दाखवायचे, थांबायचे मात्र नाहीत.

त्याचा बाप जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. दवाखान्याच्या आवारात खोडा होता, म्हणजे जमिनीत रोवलेले चार खांब आणि त्यांना आडव्या बल्ल्या. ज्या जनावराला सुई टोचायची ते त्याच्यात कोंडायचं. शाळा सुटली की नरेंद्र तिथंच. बल्ली घट्ट कर, ढिली कर, हे त्याच्याकडे. पुढं अमरावतीला कॉलेज, नागपूरला एमएस्सी आणि मग हा अमेरिकेचा उद्योग झाला, पण कोणी त्याला विचारलं की तू नक्की करतोस काय, तर तो खोड्यापासून सुरू करायचा.

संक्रांतीला गावातल्या एका मराठी डॉक्टरांकडे जेवण होतं. डॉक्टरीणबाई सुहासिनीकाकूंनी त्याच्या ताटात गुळाची पोळी घातली आणि विचारलंच.

"खोंड मोकय्या वावरात सोडलं त शांत चरते काकू," नरेंद्र म्हणाला. "खोड्यात घातलं का लाथा झाडते. खोडा जितका आवयला तितक्या लाथा जास्त. इलेक्ट्रॉनचं तसंच हाये."

"म्हणजे तू इलेक्ट्रॉन कोंडतोस?"

"व्हय."

"आणि मग?"

"मंग कोंडल्यावर किती चवताळते ते मोजतो. लाथ जोरात असली का उजेडाचा रंग बदलते."

काकूंनी पोळीवर तूप सोडलं. "आणि यासाठी तुझ्या आईवडिलांनी तुला इतक्या लांब पाठवलं."

"घरी खोडा होता, हेलियम नवता."

सगळे हसले. पण सांगितलं होतं ते खरं होतं. एवढ्या चिंचोळ्या जागेत कोंडलेला इलेक्ट्रॉन हेलियमच्या गारठ्यातही थांबत नाही. सगळ्यात खालच्या पायरीवर असला तरी त्याची तडफड चालूच असते आणि ती किती, हे जागेच्या मापावर ठरतं. नरेंद्रचा बंदा प्रबंध या एका गोष्टीवर उभा होता. ठिपका जितका लहान, टेकडी तितकी पुढं. त्यानं एकाच चिपेवर वेगवेगळ्या व्यासांच्या ठिपक्यांचे वाफे पाडले होते. आडव्या रेघेवर व्यास, उभ्या रेघेवर ऊर्जा, आणि सगळे वाफे कसे एका सुबक वळणावर बसले होते. ब्रेनननं ते चित्र आपल्या दारावर चिकटवलं होतं.

आणि आता विनीताच्या हातून टेकडी त्या वळणाच्या बाहेर पडत होती.

ब्रेननला सांगून आल्यावर नरेंद्रला हलकं वाटायला हवं होतं, पण दुपार गेली तसा तो जास्तच अस्वस्थ झाला. जेवायला गेला आणि डबा न उघडता परत आला. त्याला एक गोष्ट टोचत होती. ज्याचा हात बसलेला नसतो तो दर वेळी वेगळं चुकतो. एकदा अलीकडं, एकदा पलीकडं. विनीता काल चुकली, आज चुकली आणि दोन्ही वेळा नेमकी तिथंच चुकली. इतकं मापात कोण चुकतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

"चाल, लाव चिप. मी नुसता पाह्यतो."

"पुन्हा वर जाऊन चुगली करायची असेल, तर मी नाही लावत."

"नाई करत. लाव."

विनीतानं चिमटा उचलला. डाव्या हातात. ती डावखुरी होती. घरच्यांनी रट्टे देऊन जेवणापुरता उजवा हात करून घेतला होता, पण चिमटा, पेन आणि कात्री डाव्याकडेच राहिली होती. तिनं चिप डब्यातून उचलली, मनगट वळवलं आणि थंड भांड्यातल्या चौकोनी खाचेत बसवली.

"थांब," नरेंद्र म्हणाला. "हे आडवं काहून ठेवलं?"

"काय आडवं?"

"खूण. खूण वरच्या अंगाले पाह्यजे."

चिपेच्या एका कडेला हिऱ्याच्या पेनानं ओढलेली बारीक खूण होती. विनीताच्या हातून ती डावीकडे आली होती.

"का पाहिजे?" विनीता म्हणाली. "तूच सांगितलंस मला पहिल्या दिवशी. ठिपके गोल आहेत, कशीही ठेव, गोलाला काय वर आणि काय खाली."

"सांगतलं."

"मग तू का रोज वरच ठेवतोस?"

प्रयोगशाळेत असा कुठला नियम नव्हता. ब्रेनननं कधी म्हटलं नव्हतं. नरेंद्रच्या घरी मात्र ताटाची एक बाजू वरची असायची. मीठ तिथं, मग डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी. ताट उलीसं फिरलेलं असलं तर माय पहिला घास घेऊ द्यायची नाही, आधी हातानं फिरवून सरळ करायची. ती सवय हातात इतकी मुरली होती की चिप डब्यातून निघाली रे निघाली की ती खूण आपोआप वर जायची. दोन वर्षांत त्यानं ती एकदाही दुसरीकडे तोंड करून ठेवली नव्हती.

"घरी आमी ताट असंच मांडतो," तो म्हणाला.

विनीतानं त्याच्याकडे पाहिलं. "हे तू थीसिसमध्ये लिहिणार आहेस?"

तिला बाजूला सारून तो स्वतः बसला. खूण वर ठेवून रीडिंग घेतलं. टेकडी जागेवर. मग आपल्या उजव्या हातानं, मुद्दाम, चिप पाव फेरा वळवली. टेकडी पुढं. अजून पाव फेरा, म्हणजे खूण खाली. टेकडी परत जागेवर.

"यंत्राच्या तोंडाशी ती काच आहे ना," विनीता हळू म्हणाली, "ती एकाच दिशेनं डोलणारा प्रकाश आत सोडते. आपल्या आधीच्या कोणीतरी बसवलेली. ती कोणी फिरवत नाही. मग तू चिप एका अंगानं ठेवलीस की तुला एकच अंग दिसणार. माझ्या हातून दुसरं अंग दिसलं."

"गोलाले अंग नसते."

"तेच तर म्हणतेय. गोल नाहीत ते."

"गोल हायेत. म्या सोता पाह्यले इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली. फोटू हायेत तथी भिंतीले."

फोटो होतेच. करड्या जमिनीवर पांढऱ्या टिकल्या, एकेक कशी कंपासानं काढल्यासारखी. विनीता भिंतीजवळ जाऊन एकेक टिकली पाहून आली. गोल होत्या खऱ्या.

संध्याकाळी नरेंद्रनं हे घरी गिरीशला सांगितलं. गिरीश मुंबईचा, कॉम्प्युटरवाला. दोघं एका खोलीत राहायचे आणि स्वयंपाकाच्या पाळ्या लावायचे. त्या दिवशी पाळी गिरीशची, म्हणून खिचडी.

"मग यार, प्रॉब्लेम काय आहे?" गिरीश म्हणाला. "खूण वर ठेवूनच सगळी रीडिंग्ज घेतलीस ना? म्हणजे कन्सिस्टंट आहेत. पेपर सबमिट कर, डिग्री घे, निघ. फ्रीमाँटला कोण विचारणार आहे तुझा डॉट गोल होता की चपटा?"

"कोणी नाई विचारणार."

"मग बस ना यार खाली. उभ्यानं काय जेवतोस? घोडा आहेस?"

नरेंद्र ताटली हातात धरून खिडकी ते दार येरझाऱ्या घालत होता. "चित्रात आडव्या रेघेवर मी व्यास लिवला हाये. गोल नसन त व्यास कशाचा?"

"असेल थोडा इकडेतिकडे. सगळ्यांचं असतं."

"इकडंतिकडं असतं त समजलो असतो. हे सगये एकाच अंगानं हाये." तो थांबला, घास तोंडापर्यंत नेला आणि तसाच ठेवला. "खोडा असते न, त्याच्यात खोंड मांगंपुढं हलते. दोन पावलं सरकते. बाजूनं हलू गेलं का बल्ली लागते, तथी मंग ते जोर मारते. एकच खोंड, पण दोन अंगाले दोन जोर."

"तुझा डॉट म्हणजे खोडा झाला."

"तसाच उजेड येऊन राह्यला. पण वरतून त गोल दिसते."

"वरून म्हणजे?"

"टोपी." हा शब्द तोंडातून निघाला आणि नरेंद्रनं ताटली ओट्यावर ठेवली.

ठिपके कसे करायचे, तर चिपेवर धातूच्या बारीक गोल टोप्या, उजेड आरपार जाईल इतक्या पातळ, बसवायच्या आणि ती ॲसिडमध्ये बुडवायची. टोपीखालची जागा वाचते, बाकीची ॲसिड खातं. टोपीखाली उरतो एक खांब, तोच ठिपका. पण ॲसिड टोपीच्या कडेखालूनही थोडं आत खात जातं. आणि लाकडाला जशी नस असते, कुऱ्हाड एकीकडून लवकर जाते आणि दुसरीकडून अडते, तशी त्या स्फटिकालाही असते. ॲसिड एका दिशेनं भराभर खातं, दुसरीकडे रेंगाळतं. मग खांब गोल कसा उरणार? फोटोत मात्र दिसते ती टोपी. टोपीला ॲसिड लागत नाही, ती गोलच राहते.

"टोपी गोल," नरेंद्र म्हणाला. "खाल्ती डोकं कसं हाये, कोणं पाह्यलं?"

"मग काढ टोपी आणि बघ. सिंपल."

"टोपी काढली का चिप मेली. उघड्या ठिपक्यायवर हवा बसते, मंग थे उजेड देत नाई."

"मग दुसऱ्या एखाद्या भंगार चिपेवर बघ."

"ब्रेनन म्हणन ते दुसरी हाये, हिचं हिले लागू. अन् खरं म्हणन. एवढ्या बारक्या मापात एकीचं दुसरीले चालत नाई. उजेड देणारी हे एकच निघाली. बाकीच्या मुक्या हायेत."

गिरीशनं खिचडीचं पातेलं त्याच्याकडे सरकवलं. "ऐक माझं. शुक्रवारनंतर काढ. पेपर जाऊ दे, मग काय टोप्या काढायच्या त्या काढ. आधी कशाला पायावर धोंडा पाडून घेतोस? अजून एक विंटर इथं काढायचाय का तुला? माझी खिचडी खात?"

हे शेवटचं नरेंद्रला लागलं. अजून एक हिवाळा. तोच जिना, तेच तळघर, त्याच बसचं पाणी. फ्रीमाँटला ऊन असतं म्हणतात. त्याला गिरीशचं म्हणणं पटत होतं. अंथरुणावर पडल्यावर तर ते अजूनच पटलं. पण डोळे मिटले की टेकडी सरकायची.

बुधवारी सकाळी त्यानं विनीताला ॲसिडच्या खोलीत बोलावलं. तिथं काचेचं कपाट, त्याच्यावर वारा ओढणारा पंखा, आत भांडी. त्यानं हातमोजे चढवले होते. चांगली चिप समोर होती.

विनीताला लगेच समजलं. "ब्रेननला विचारलंस?"

"विचारलं त थो नाई म्हणन."

"मग?"

"म्हून नाई विचारलं."

"नरेंद्र, ही मेली की तुझ्याकडे काही उरणार नाही. ऑगस्टचं काय?"

"तू मले भरीले घालतं का थांबवतं? एक काय ते ठरव. दोन दिवस झाले, झोप नाई."

"मी थांबवत नाहीये. मला तर बघायचंच आहे. मी फक्त म्हणतेय, तुला माहीत असू दे काय करतोयस."

"माहीत हाये."

त्यानं चिप धातू विरघळवणाऱ्या पाण्यात सोडली. ते काही लगेच होत नाही. तो कपाटापासून दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. "एका जागी उभा राहा, काहीतरी सांडशील," विनीता म्हणाली. तो उभा राहिला आणि त्याचा गुडघा हलायला लागला. शेवटी तिनंच चिमटा डाव्या हातात घेतला, चिप बाहेर काढली, पाण्यात बुचकळली आणि कोरडी केली.

मायक्रोस्कोपच्या पडद्यावर आधी नुसतं करडं धुकं होतं. विनीतानं चकती फिरवली. धुकं निवळलं आणि ठिपके वर आले.

लांबट. सगळेच्या सगळे. वादळात झोडपलेली ज्वारी जशी बंद्या वावरात एकाच अंगाला पडते, तसे एकाच दिशेनं आडवे झालेले. मोठ्या मापाच्या वाफ्यात लांबटपणा जेमतेम दिसत होता. लहान वाफ्यात मात्र ठिपके तांदळाच्या दाण्यासारखे झाले होते. जिथं मुळात जागा कमी तिथं ॲसिडनं कडेनं उलीसं जास्त खाल्लं तरी आकार पार बिघडत होता. म्हणजे त्या सुबक वळणाचं जे टोक ब्रेननला सगळ्यात आवडायचं, तेच सगळ्यात खोटं होतं.

नरेंद्रनं लांबी मोजली, मग रुंदी. मोजून झाल्यावरही पडद्याकडे पाहत राहिला. इतका वेळ तो एका जागी उभा राहिल्याचं विनीतानं पहिल्यांदाच पाहिलं.

"आता माझ्या हाताचं काय?" ती म्हणाली.

"चांगला हाये."

"ते मला नको सांगूस. वर जाऊन सांग."

"जातो."

"आत्ता."

तो फोटो घेऊन वर गेला. ब्रेनन टेलिफोनवर होता. त्यानं फोटो हातात घेतले आणि बोलता बोलता गप्प झाला. फोन ठेवला.

"ही कुठली चिप?"

"तीच," नरेंद्र म्हणाला. इंग्रजी बोलताना त्याचे शब्द मोजकेच असायचे.

"तिच्यातून अजून प्रकाश येतो?"

"नाही."

"मला विचारायला हवं होतंस."

"तुम्ही नको म्हणाला असता."

"अर्थात." ब्रेनन उठला, दाराकडे गेला. दारावर ते वळण चिकटवलेलं होतं. त्यानं ते काढलं नाही, नुसतं त्याच्याकडे पाहिलं. "दोन वर्षं तू यांच्याकडे वरून बघत होतास."

"तुम्हीपण."

ब्रेननच्या तोंडातून एक आवाज निघाला. तो हसू होतं की काय, नरेंद्रला कळलं नाही. मग त्यानं कामाचं बोलायला सुरुवात केली. शुक्रवारी काहीही जाणार नाही. एक व्यास धरून काढलेलं चित्र बाद. प्रत्येक ठिपक्याला लांबी आणि रुंदी दोन्ही द्यायची, काच फिरवून दोन्ही अंगांचा उजेड मोजायचा आणि हे सगळं नव्या चिपेवर, पहिल्यापासून. उन्हाळ्यातली परीक्षा विसर. पुढच्या वर्षीचं बघू.

"विनीताचं रीडिंग बरोबर होतं," नरेंद्र म्हणाला. "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

"ते मला दिसतंय. निबंधात तिचं नाव येईल. ते तुला चालेल का, हे मी विचारत नाहीये."

खाली येण्याआधी नरेंद्रनं ऑफिसातून फ्रीमाँटला फोन लावला. तिकडचा माणूस सभ्य होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, वाईट वाटलं म्हणाला आणि म्हणाला की जागा पुढच्या वर्षापर्यंत धरून ठेवता येणार नाही, तेव्हा पुन्हा अर्ज करा. नरेंद्रनं थँक्यू म्हटलं. रिसीव्हर ठेवताना त्याला वाटलं, आता भडका उडेल, पोटात नाहीतर डोक्यात. तसं काही झालं नाही. भूक लागली होती.

तळघरात विनीता वही घेऊन बसली होती.

"काय म्हणाला?"

"पुढचं वर्ष."

"आणि फ्रीमाँट?"

"गेलं."

तिनं वही मिटली. मग म्हणाली, "सॉरी म्हणू का?"

"कायले? तुनं नाई खाल्ले ठिपके, ॲसिडनं खाल्ले." त्यानं तिच्या डब्यातली पोळी न विचारता उचलली आणि भाजी न लावताच खायला लागला. "तुयं नाव येऊन राह्यलं निबंधात."

"पहिलं?"

"आता हद करू नको बाई."

"विचारून ठेवलं." तिनं डबाच त्याच्याकडे सरकवला. "मी एक विचार करत होते. ॲसिड लांबट करतंच आहे, तर आपण गोल करायचा हट्ट कशाला? टोप्याच वेगवेगळ्या घालू. एक वाफा गोल टोप्यांचा, एक लांबट, एक अजून लांबट. काही नसेच्या दिशेनं, काही आडव्या. मग आकार बदलला की दोन टेकड्यांमधलं अंतर कसं बदलतं ते सरळच दिसेल."

नरेंद्र चावता चावता थांबला. "नसेले आडव्या लांबट टोप्या घातल्या त ॲसिड खाऊन खाऊन एखाद वाफा खराच गोल निघन."

"निघेल की."

"तथी मंग टेकडी एकच पाह्यजे. चिप कशीबी फिरव."

"आणि नाही आली एकच तर?"

"त मंग आपण दोघंही गाढव."

पोळी संपली. त्यानं हात पँटला पुसले. इलेक्ट्रॉनच्या झोतानं टोप्या आखायचं यंत्र दुपारनंतर मोकळं मिळणार होतं. त्याच्याआधी नवा तुकडा कापून, धुऊन, त्याच्यावर लेप चढवून तयार ठेवायला हवा होता, नाहीतर पाळी दुसऱ्या कोणाकडे गेली असती. विनीता टोप्यांची मापं काढायला बसली. नरेंद्रनं कपाटातून स्फटिकाच्या नव्या चकतीचा डबा काढला, हातमोजे चढवले, एक तुकडा कापला, ॲसिटोनची बाटली उघडली आणि तुकडा धुवायला घेतला.